माईक तपासणाऱ्या बाई

वाघचौरेबाई कथा झकास लिहायच्या. पण वाचून दाखवायला गावात व्यासपीठ एकच, वाचनालयाचं, आणि ते अध्यक्ष तात्यासाहेब गरुडांच्या मुठीत. दर वर्धापनदिनाला बाई दहा मिनिटं मागायच्या आणि तात्यासाहेब हसायचे, "तुम्हाला ऐकायला कोण बसणार?"

यंदा तर त्यांनी कहरच केला. "गेल्या वर्षी माझ्या भाषणात लोक पेंगले. माईकच खराब होता. मी पाहुण्यांना घेऊन येतो, तोवर तुम्ही तो तपासून ठेवा. शेवटच्या रांगेपर्यंत, बरं का!"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सभागृह भरलेलं, पाहुण्यांचा नेहमीसारखा पत्ता नाही. बाईंनी पिशवीतून कथा काढली आणि माईकवर वाचायला सुरुवात केली.

तात्यासाहेब पाहुण्यांसह दारात आले, तर स्वागताला कुणी उठेना. उलट लोकच ओरडले, "थांबा हो, शेवट राहिलाय!"

टाळ्या थांबल्यावर तात्यासाहेब मंचावर धावले. "बाई, तुम्हाला फक्त माईक तपासायला सांगितलं होतं!"

"तपासला की," बाई माईकवरूनच म्हणाल्या. "शेवटच्या रांगेतही कुणी पेंगलं नाही. आता तुमच्या भाषणात लोक झोपले, तर माईकला बोल लावू नका."