कांकणकडा

खाडीच्या तोंडावरचा तो कडा बघा, दुपार कलली की डोळे दिपवतो. आम्ही त्याला कांकणकडा म्हणतो. जवळ गेलात की दिसेल, खडकात बांगड्यांचे तुकडे बसवलेत, शिंपले, चिनी बशांच्या कपच्या, दर्याने घासून गुळगुळीत केलेल्या काचा.

हे ठकूबाय नावाच्या कोळणीचं काम, असं सांगतात. फार मागे एकदा वादळ झालं आणि आमच्या वेळकोंडच्या होड्या परतल्या नाहीत. गावाने खूप वाट पाहिली, मग आशा सोडली. एका सकाळी त्या खलाशांच्या बायकांना किनाऱ्यावर नेलं आणि रिवाजाप्रमाणे दगडावर त्यांच्या बांगड्या फोडल्या. ठकूबायचा नवरा धर्माही त्या होड्यांवरच गेलेला. तिची पाळी आली तेव्हा तिने हात पदराखाली घेतले.

"मी त्याला मेलेला बघितला नाय," एवढंच म्हणाली.

बायका रडत घरी गेल्या. ठकूबाय मागे राहिली. वाळूत हिरव्या काचांचा खच पडला होता आणि भरती चढत होती. हे सगळं वाहून जावं, हे तिला सोसेना. तिने तुकडे ओटीत भरून घेतले.

राघो पाटील म्हणाले, "बाय, अशुभ वस्तू ही. दर्यात सोड."

"दर्याला लय दिलं आपन. ह्यातलं काय नाय द्यायचं."

तिने शिंपले भाजून चुना केला आणि कड्यावर तुकडा न् तुकडा बसवत गेली. बांगड्या संपल्या तशी लाटांनी बाहेर टाकलेलं वेचू लागली. लोक तिला वेडी म्हणत. पण बायका हळूच येऊन त्या काचांवरून हात फिरवून जात. आपली कोणती, ते एकीलाही ओळखू येत नसे.

पावसाळा गेला. एका दुपारी धुक्यातून एक होडी येत होती. वादळाने दूरच्या मुलखात नेऊन टाकलेली ती आपलीच माणसं होती. किनारा दिसेना, होडी सरळ पाण्याखालच्या खडकांवर निघालेली. तेवढ्यात धुकं जरासं फाटलं, ऊन कड्यावर पडलं आणि म्हणे सगळा डोंगर हिरवा पेटला. तांडेलाने सुकाणू वळवलं.

ठकूबाय कमरेएवढ्या पाण्यात उभी होती, शेवटचा माणूस उतरेपर्यंत. धर्मा त्यांच्यात नव्हता. वादळातच त्याला लाटेने ओढून नेलं होतं.

ती किनाऱ्यावर आली आणि तिने आपणच दोन्ही हात दगडावर ठेवले. तेव्हा ज्यांचे नवरे परतले होते त्या, आणि ज्यांचे नव्हते त्याही, सगळ्या बायका येऊन त्या दगडावर बसल्या. तिच्या हातांना कुणाला शिवू दिलं नाही. पाटलांनी पागोटं काढलं आणि कड्याकडे बघत राहिले. ठकूबाय गेली तीही म्हणे हिरव्या हातांनी.

आजही वेळकोंडात नवरा गेला म्हणून बाईची बांगडी कुणी फोडत नाही. आणि कामाच्या गडबडीत एखादीची फुटलीच, तर आमच्या बायका फुटली म्हणत नाहीत. "कड्यावर गेली" म्हणतात, आणि तुकडा पदरात बांधून चालू लागतात.