घंटेवर चालणारा समुद्र

पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. नेमकी किती, ते मला विचारू नका. एका किनाऱ्यावर फिरंग्यांचा किल्ला होता. तीन बाजूंना समुद्र, एका बाजूला जमीन. जमिनीकडून एका राजाच्या फौजेने वेढा घातला. फिरंग्यांचं मदतीचं जहाज यायला दहा दिवस होते. तेवढे दिवस किल्ला राखला, की सुटका!

किल्लेदार नवाच होता. त्याच्या देशातल्या समुद्राला धड भरती नाही की ओहोटी नाही. पहिल्या दिवशी त्याने पाहिलं, बाराच्या ठोक्याला पाणी मागे हटतं आणि दर्यादरवाजापर्यंत वाळू उघडी पडते. लगेच हुकूम सुटला, "दुपारी आणि रात्री, बाराची घंटा झाली की सगळ्यांनी दर्यादरवाजावर यायचं. एरवी तिथं पाणीच पहारा देईल."

होडीतून किल्ल्यात मासळी आणणारी हिरूबाय हसली. "सायबा, आज अष्टमी, म्हणून बाराला ओहोटी. ती रोज थोडी पुढं सरकते. पुनवेला बाराला भरती असंल. दर्या घंटेवर चालत नाय!"

"मासे विकणारीने मला लढाई शिकवू नये," किल्लेदार म्हणाला आणि त्याने तिला हाकलून दिलं.

चार दिवसांत शिपाई चक्रावले. घंटा झाली की धावत जावं, तर पाणी अजून दरवाजाला लागलेलंच असायचं! भाले रोखायचे कोणावर, माशांवर? परत वर यावं, तर तासा-दोन तासांनी खाली वाळूच वाळू. कोणी म्हणे चेटूक झालं, कोणी म्हणे घंटा बिघडली. किल्लेदारही गोंधळला होता, पण दिलेला हुकूम फिरवायचा कसा?

"घंटा बरोबर आहे," तो म्हणाला, "पाणीच चुकतंय."

वेढा घालणाऱ्या सरदाराकडे घंटाच नव्हती. तो आपला रोज किनाऱ्यावर बसून पाणी बघायचा.

पुनवेला संध्याकाळी वाळू पार उघडी पडली. दर्यादरवाजावर चिटपाखरू नव्हतं. फौज चालत आत शिरली. किल्लेदाराने किल्ल्या सरदाराच्या हाती दिल्या. जहाज यायला तीन दिवस उरले होते.

किल्लेदाराची मती अजून गुंगच होती. बाहेर हिरूबाय वाळलेली मासळी गोळा करत होती. तिला पाहून तो ओरडला, "फितूर कोण झालं, ते तरी सांग!"

"कोणी नाय, सायबा," हिरूबाय म्हणाली. "मी सांगितलं ते फक्त तुला सांगितलं."

तेव्हा लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: खरं सांगणाऱ्याला जो हाकलून देतो, त्याचा घात व्हायला फितूर लागत नाही.