बाराचा भोंगा

फार मागे एका गावात कचेरीच्या गच्चीवर एक भोंगा होता. तो दुपारी बाराला वाजे आणि गाव जेवायला बसे. मग युद्ध आलं. विमानं दिसली की तो ओरडे आणि माणसं खंदकात पळत.

युद्ध संपलं. भोंगा पुन्हा बाराला वाजला, तर पोरंबाळं उचलून सगळं गाव खंदकात शिरलं. लढाईवरून परतलेला रायाजी भर रस्त्यात पालथा पडला.

“पारवीबाई, माझा आवाजच वाईट असावा,” भोंगा म्हणाला. “मला भंगारात टाकलेलं बरं.”

“मीसुद्धा दर वेळी उडतेच की,” वळचणीतली पारवी म्हणाली. “पण परत येते ना? जरा धीर धर.”

दुसऱ्या दिवशी रायाजी जिना चढून वर आला. “दुसऱ्यानं वाजवला की छातीत धस्स होतं,” तो कचेरीच्या गड्याला म्हणाला. “आज मी वाजवतो.”

त्यानं दांडा फिरवला. भोंगा भीत भीत वाजला. रायाजीनं डोळे मिटले, पण तो उभा राहिला. खाली पळणारी माणसं त्याला बघून थबकली.

तेवढ्यात त्याची बायको मंजुळा अंगणातून ओरडली, “ऐकलं बाई सगळ्या गावानं. आता उतरा, भाकरी निवतेय.”