दोन आयांचं वासरू

“...पण बाप नाही म्हणजे काय रे? मेला?”

“मेला नाही, अप्पा. नव्हताच.”

अप्पा स्वामींनी हातातला विभूतीचा गोळा खाली ठेवला.

उदगीरच्या अलीकडे एका टेकाडावर त्यांचा मठ. इतका उंच, की ढगसुद्धा दाराशी थांबून बसव्वाला विचारतात आणि मगच आत येतात. बसव्वा मठाचा स्वयंपाक बघते. समोर बसलेला मन्मथ बिराजदार तिच्याच भाकरीवर वाढलेला. मठात राहून शिकला, जनावरांचा डॉक्टर झाला, पुढं मोठ्या प्रयोगशाळेत गेला. आईबापानं नाव ठेवलं मदनाचं, आणि पोराचा उद्योग काय, तर वळूशिवाय वासरू.

ते वासरू गौरीच्या पोटात होतं. गौरी म्हणजे मठाची एकुलती एक देवणी गाय. मन्मथानं प्रयोगापुरती मागितली म्हणून अप्पांनी दिली होती.

“वळूची कटकट गेली, म्हणाला होतास.”

“म्हणालो होतो.”

“आता सांग नीट. मला कळेल असं. जमलं तर तुलाही कळेल असं.”

मन्मथ एरवी हसला असता. आज हसला नाही.

“एका गाईचं बीजांड घेतलं, अप्पा. वासरात अर्धा वाटा आईचा, अर्धा बापाचा. मी बापाचा येऊच दिला नाही. आईचाच दुप्पट केला. बीजांडाला औषध देऊन फसवलं, की वळू येऊन गेला. ते फसलं आणि वाढायला लागलं. मग गौरीच्या पिशवीत सोडलं.”

“त्यात काही कमी पडलं?”

“एक अक्षर नाही. जीव घडवायचा सगळा मजकूर दोनदा आहे.”

“मग भितोस कशाला?”

बाहेर गोठ्यात गौरी हंबरली. हंबरणं तरी कसलं... घशातल्या घशात दगड घासल्यासारखा आवाज. कालपासून तिनं रवंथ सोडला होता.

मन्मथानं दाराकडे बघितलं नाही.

“काही ओळींवर आईचा शिक्का असतो, अप्पा. म्हणजे इथं आई बोलणार नाही, इथं बापानं बोलायचं. काही ओळींवर बापाचा शिक्का. तिथं तो गप्प, आई बोलते. वार धरते ना, वासराला गाईच्या रक्ताशी बांधणारी? तिथलं बरंचसं बोलणं बापाचं.”

“आणि तुझ्या वासराला?”

“दोन्ही वाटे आईचेच. दोन आया.”

“म्हणजे?”

“तिथं दोघीही... गप्प.”

“हे तुला आधी माहीत होतं?”

“होतं. वाटलं, मी बोलतं करीन.”

स्वयंपाकघरात पातेलं आपटलं.

“मागच्या आठवड्यात यंत्रावर ठोका दिसला,” मन्मथ हळू आवाजात म्हणाला. “करंगळीएवढा जीव. वार अगदी विरळ, जळमटासारखी. त्यानंतर मी बघितलंच नाही.”

“का?”

“मेलं असेल तर आत सडतंय. गौरी हातची जाईल. जिवंत असेल तर गौरीसाठी मलाच ते पाडावं लागेल. म्हणून हात घालायचं धाडस होत नाही. तुम्ही सांगा, अप्पा. काय असेल आत?”

अप्पा बोलले नाहीत.

या मठाचा एक रिवाज आहे. एक दिवस अप्पांचं मौन, एक दिवस बसव्वाचं. दोघांनी एकाच दिवशी मौन धरायचं नाही, कारण दाराशी आलेल्याला उत्तर मिळालंच पाहिजे. आज पाळी बसव्वाची होती. अर्थात तिचं मौन भांड्यांना लागू नसे. सकाळपासून पातेली तिच्या वतीनं भांडत होती, आणि झाकणं तर मन्मथाच्या नावानंच आपटत होती.

“अप्पा?”

अप्पा सरळ त्याच्याकडे बघत होते. ओठ मिटलेले.

“आज तुमचं मौन नाही, अप्पा. आज अव्वाचं आहे.”

...

“अव्वा! अगं, तू तरी सांग यांना!”

बसव्वा दारात आली. तिनं अप्पांकडे बघितलं, मग मन्मथाकडे. हातातलं झाकण तिनं जमिनीवर ठेवलं... अलगद, आवाज न करता. आणि तिथंच उभी राहिली.

मठ इतका गप्प त्यानं कधी ऐकला नव्हता. चुलीत लाकूड तडकलं तरी तो दचकला.

दोघं समोर होती. कुणी रागावलं नव्हतं, कुणी उठून गेलं नव्हतं. काही कमी नव्हतं.

“काय असेल आत?” त्यानं पुन्हा विचारलं. आवाज भिंतीपर्यंत गेला आणि तिथंच राहिला.

गोठ्यात गौरी कण्हली.

 तो गुडघ्यांवर पुढं सरकला, अप्पांचे पाय धरले, मग बसव्वाचा पदर.

“बोला ना कुणीतरी! दोघंही अशी गप्प बसलात तर माणूस मरेल इथं!”

बोलला, आणि स्वतःचेच शब्द ऐकून त्याचं तोंड उघडंच राहिलं.

 मग तो डोळे पुसून उठला. गोठ्याकडे निघाला तेव्हा मागून दोघं आली.

गौरीचे कान गार पडले होते. तिनं मान वळवून त्याच्याकडे बघितलं. बसव्वानं तिच्या गळ्याखाली हात घातला. मन्मथानं शर्ट काढला, खांद्यापर्यंत साबण लावला. गाईच्या मागं उभा राहिला...

हात अर्ध्यात थांबला.

“अप्पा, हा हात थरथरतोय. हजारो गाई तपासल्या, कधी थरथरला नाही. हिच्यात ते सोडतानासुद्धा नाही.”

अप्पांनी पुढं होऊन गौरीची शेपूट बाजूला धरली.

“मग आता घाल.”