जरासं राहिलेला रथ

फार मागची गोष्ट आहे. इतकी मागची, की तेव्हा बैल बोलायचे आणि माणसं ऐकायची. निदान ऐकल्यासारखं तरी करायची.

नदीकाठच्या एका गावात गाड्या करणारा एक सुतार राहत होता. त्याच्या हातची चाकं साऱ्या मुलखात फिरायची. बाभळीचं लाकूड तो असं पारखून घ्यायचा, की घाटातल्या धोंड्यावर चाक उडायचं, पण मोडायचं नाही. गाडी न्यायला येणाऱ्या प्रत्येकाला तो एकच गोष्ट बजावायचा.

"गाडी चालती ठेवा. उभी राहिली की लाकूड सुकतं, चाकाचा मधला तुंबा आकसतो आणि आरे सैल होतात. वापरून मोडलेली गाडी मी सांधून देईन. न वापरता मोडलेली माझ्या दारात आणू नका."

शहाणा माणूस. बरेच शहाणे असेच असतात, गिऱ्हाइकापुरते.

सुताराला एकच मुलगी होती, आईविना वाढलेली. राजाचा नवा रथ सुतारानं घडवला आणि तो पहिल्यांदा राजरस्त्यानं निघाला, तेव्हा ती बापाच्या खांद्यावर बसून बघत होती. उतरता उतरता ती म्हणाली, "आबा, मला पण असाच रथ करून द्या. लहानसा. मी त्याला दोरी बांधून ओढीन."

"देतो की," सुतार म्हणाला, आणि त्याच दिवशी त्यानं लाकूड काढलं. बापाची माया नव्हती असं कुणी म्हणू नये. तक्रार मायेबद्दल नाहीच.

रथ वीतभर लांबीचा होता. थोड्याच दिवसांत चाकं बसली, आस बसला, वंगणाचं बोट फिरलं. रथ फळीवरून सुळकन पळाला. पोर सुतळीचा तुकडा हातात धरून समोर बसलेलीच होती.

"आबा, झाला का?"

"जरासं राहिलंय."

कारण खऱ्या रथाच्या कठड्यावर हंसांची ओळ होती, आणि या रथाला ती नव्हती. सुतारानं हंस कोरले. मग रेशमाच्या धाग्यांचे गोंडे आले. मग मोहरीएवढ्या घंटा. खऱ्या रथाचं उजवं चाक वेशीच्या दगडाला घासलं होतं, तर तो ओरखडासुद्धा त्यानं सुईच्या टोकानं उमटवला. शेवटी गाळाची पूड डिंकात कालवून त्यानं चाकांना चिखल लावला. हुबेहूब, जसा नदी ओलांडताना उडतो तसा. ती चाकं जमिनीला एकदाही लागलेली नव्हती, पण चिखल झकास जमला होता.

इकडे पोरीनं काय करावं? बापाची जुनी खडाव शोधली, तिला सुतळी बांधली आणि तोच रथ समजून अंगणभर ओढायला लागली. खडाव खडखडायची, धूळ उडायची, आणि ती धूळ आत येऊन ओल्या रंगावर बसायची.

"बाहेर जा ती खडाव घेऊन," सुतार ओरडला. "तुझ्यासाठीच मरतोय ना मी इथं?"

हे वाक्य ऐकल्याशिवाय मोठं झालेलं पोर मला अजून भेटायचंय.

रथाची कीर्ती गावभर झाली. मोठी मोठी माणसं बघायला यायची, वाकून वाकून चाकांवरचा चिखल निरखायची, आणि जाताना सल्ला ठेवून जायची. गावचा एक पिकल्या मिशांचा कारभारी म्हणाला, की ही काय पोरीच्या हातात द्यायची वस्तू आहे, दोन दिवसांत वाट लावील. सगळ्यांनी माना डोलावल्या. पोर उंबऱ्यावरच बसली होती. तिनं आजवर घरातलं साधं मडकंसुद्धा फोडलेलं नव्हतं. पण विचारलं कुणी?

त्या दिवसापासून रथ उंच कोनाड्यात गेला.

अंगणात एक म्हातारा बैल होता. जन्मभर त्यानं सुताराच्या गाड्या ओढून पारखून दिल्या होत्या. तो म्हणाला, "मालक, आमच्या जातीला एवढंच कळतं. जी ओढतात ती गाडी. ही कोण ओढणार?"

"तू बैल आहेस," सुतार म्हणाला.

"तेच तर म्हणतोय," बैल म्हणाला, आणि रवंथ करू लागला.

वर्षं गेली. पोर अधूनमधून विचारायची, झाला का. उत्तर तेच. गावातल्या पोरांना ते पाठ झालं. सुताराची मुलगी पाण्याला निघाली की पोरं मागून ओरडायची, काय गं, जरासं राहिलंय का. पुढे तिनं विचारणंच सोडलं. सुताराला बरं वाटलं. तो लोकांना सांगायचा, की पोर आता समजूतदार झाली. पोरानं आशा सोडली की मोठ्यांना ती समजूत वाटते. सोयीचं असतं ते.

तिचं लग्न ठरलं. वऱ्हाडाची गाडी दारात जुंपली गेली. सगळ्यांच्या पाया पडून झाल्यावर ती एकटीच कामाच्या खोलीत आली आणि कोनाड्याखाली उभी राहिली.

"आबा, आता तरी देता का? आहे तसाच द्या. राहिलेलं राहू दे."

सुतारानं वर पाहिलं. रथाच्या छत्राची सोनेरी कड त्यानं सकाळीच रंगवली होती.

"ओली आहे गं ती. आता नेलास तर बोटं उमटतील. पुढच्या जत्रेला मी स्वतः घेऊन येतो."

ती गाडीत जाऊन बसली. गाडी वेशीबाहेर गेली, तेव्हा सुतार पुन्हा आत येऊन कड वाळली का ते बघत होता.

पुढची जत्रा आली आणि गेली. एकदा गोंडे विटल्यासारखे वाटले, एकदा हंसाची चोच. अशा किती जत्रा गेल्या ते बैलालाही सांगता आलं नसतं. मग एके सकाळी सुतारानं रथ हातात घेतला, फिरवून फिरवून पाहिला, आणि त्यात करायला काही उरलंच नव्हतं. त्यानं तो मऊ धोतरात गुंडाळला, डोक्यावर घेतला आणि लेकीच्या गावाची वाट धरली.

बैल म्हणाला, "मालक, रथात बसतात असं ऐकलं होतं. डोक्यावर घेतात हे आजच पाहिलं."

सुतार हसला. त्या दिवशी तो खुशीत होता.

लेकीच्या अंगणात तिची चिमुरडी खेळत होती. करवंटीला दोरी बांधून ओढत होती. सुताराचे पाय जरा अडखळले. लेकीनं तांब्याभर पाणी दिलं, बसायला घोंगडी टाकली. त्यानं रथाचं गाठोडं सोडलं. तिनं रथाकडे बराच वेळ पाहिलं.

"छान झालाय," ती म्हणाली. शेजारणीच्या घरातली वस्तू बघून म्हणतात, तसं.

नातीनं करवंटीची दोरी सोडून रथाला बांधली. 'जपून' हा शब्द सुताराच्या ओठांवर आला होता, तो त्यानं गिळला. नातीनं दोरी ओढली.

रथ हातभर चालला. मग वाळक्या काटकीसारखं काहीतरी कडकडलं. उजव्या चाकाची धाव, म्हणजे बाहेरचं कडं, निसटली, एकेक आरा गळून पडला आणि तुंबा घरंगळत जात्याशी थांबला. रथ एका कुशीवर कलंडला. इतकी वर्षं तो कोनाड्यात उभा होता. लाकूड केव्हाच सुकलं होतं. चाक धरून ठेवलं होतं ते नुसत्या रंगानं, आणि त्या डिंकाच्या चिखलानं.

"मी काही नाही केलं," नात घाबरून म्हणाली.

"नाही गं. तू नाही केलंस."

ज्यानं मुलखाला गाड्या चालत्या ठेवायला शिकवलं, तो म्हातारा उकिडवा बसून धुळीतले आरे वेचू लागला. "थांब हं बाळ. लगेच बसवून देतो. आता फक्त जरासं..."

त्याचा हात धुळीत पुढचा आरा शोधत राहिला.

लेक खाली वाकली. तिनं त्याच्या मुठीतले आरे हळूच काढून घेतले.

"राहू द्या, आबा," ती म्हणाली. "तिला ते वाक्य पाठ व्हायला नको."

तोवर नात दोरी सोडून घेऊन करवंटीकडे परत गेली होती. करवंटी खडखडत अंगणभर फिरू लागली, धूळ उडू लागली. ती धूळ रथावर बसत राहिली, आणि या वेळी सुतार कुणावर ओरडला नाही.

मोठ्यांनो, एवढं ध्यानात असू द्या: ज्याच्यासाठी करता, त्याचा हात पुढे आहे तोवर द्या. तो हात मागे गेला, की अपुरं काय आणि पुरं काय, सारखंच.