उंबरवेढ्याचा दारातला मान

उंबरवेढ्याची पेठ जिथं संपते, तिथं भर रस्त्यात एक बुटका, काळपट उंचवटा आहे. रस्ता रुंद झाला, पुढं डांबरीही झाला, पण त्या उंचवट्याला वळसा घालूनच गेला. नवखा माणूस त्याला उकिरडा समजतो. तेव्हा देवीचे गुरव सोपानकाका पायातल्या वहाणा काढून शेजारी उभे राहतात आणि म्हणतात, "ही सगुणेची भट्टी. आमची जत्रा देवळातून नाही, इथून निघते." पाहुणे थांबले, की काका सावकाश सांगू लागतात.

फार मागची गोष्ट. पेठेत तेव्हा विणकर होते, तांबट होते, रंगारी होते आणि अगदी टोकाला सगुणा भडभुंजिणीचं दुकान होतं. नवरा गेला तरी तिनं भट्टी थंड पडू दिली नव्हती. चणे-फुटाणे आणि साळीच्या पांढऱ्याशुभ्र लाह्या पंचक्रोशीत तिच्याच. गावाचा कारभार म्हाळोजी पाटलाकडं होता. पाटील माणूस वाईट नव्हता, असंच सगळे सांगतात. तंटे मिटवायचा, पाण्याच्या पाळ्या लावून द्यायचा. पण भीती काय चीज असते हे त्याला तोवर ठाऊक नव्हतं.

एका उन्हाळ्यात गावावर पटकी आली. सकाळी बोलत असलेलं माणूस दिवस मावळायच्या आत जाऊ लागलं. पाटलानं दवंडी पिटवली, घरंदारं सोडा, रानात झोपड्या घाला. दुकानांच्या फळ्या लागल्या, गाव रिकामं झालं. ज्यांना चालवत नव्हतं ते मागं राहिले. त्यांत पाटलाची आई ठकूबाईही होती. पाटलानं तिच्या उशाशी पाण्याची घागर ठेवली, "उद्या गाडी घेऊन येतो, आई," म्हणाला आणि निघाला. ती गाडी काही गावाकडं वळली नाही. रोज बैल जुंपायचा आणि वेशीपाशी आलं की भीतीनं गाडी मागं फिरवायचा.

सगुणेला लोक म्हणाले, चल. ती म्हणाली, "भट्टी काय काखेत मारून नेऊ? आणि मागं राहिलेत त्यांनी खायचं काय?"

पोटात काही ठरत नसलं, की साळीच्या लाह्यांचं पाणी द्यावं, हे तिला सासूनं शिकवलेलं. ती लाह्या फोडायची, आधणात भिजवायची आणि घरोघर जाऊन चमच्याचमच्यानं पाजायची. सरपण संपलं. रानातून मोळी आणायला कुणी नव्हतं. मग तिनं दुकानाच्या फळ्या भट्टीत घातल्या, त्यामागून दार, बाज, आणि अखेर छपराचे वासे. दुकान भट्टीनं खाल्लं, पण जाळ काही थांबला नाही. किती तरी माणसं उठून बसली. जी राहिली नाहीत, त्यांच्याही घशाखाली शेवटचा घोट तिच्याच हातचा गेला. भट्टीतली वाळू म्हणे त्यानंतर पुष्कळ दिवस निवली नव्हती. पाऊस पडायचा आणि तिच्यातून वाफ निघायची.

साथ ओसरली, गाव परतलं. पाटील घराशी आला तर आई उंबऱ्यात बसलेली. तो पायांवर पडला. ठकूबाई एवढंच म्हणाली, "माझ्या नको पडू. पेठेत जा."

पाटील जायचं म्हणत होता. पण जाणार कुठल्या तोंडानं? त्यानं निरोप पाठवला, "सगुणाबाई, तुमच्या दुकानाला लागेल तेवढं लाकूड माझ्या मळ्यातून देतो." मग पेरणी आली. लाकूड राहिलं. ज्याच्यापुढं मान खाली घालावी लागते, त्याची वाट माणूस चुकवतो. पाटील पेठेत जाणं टाळू लागला. सगुणा उघड्यावर भट्टी चालवत होती.

पावसाळा सरता सरता सुभेदार गावाला आले. साथीत उंबरवेढं तगलं, याची वार्ता त्यांच्यापर्यंत गेली होती. सोबत जरीकाठी शेला होता. चावडीपुढं सारं गाव जमलं. पाहुण्यांना द्यायला सगुणा लाह्यांची टोपली घेऊन कडेला उभी होती. सुभेदारांनी विचारलं, "गाव कुणी राखलं?"

जुन्या सवयीनं दोनचार म्हातारे बोलून गेले, "पाटलांनी. दुसरं कोण?"

म्हाळोजीनं तोंड उघडलं. आत्ता नाही बोललो तरी नंतर सांगता येईल, असं त्याच्या मनात आलं आणि तेवढ्यात शेला खांद्यावर पडलाही. त्यानं कडेला पाहिलं. सगुणेनं टोपली खाली ठेवली, पदर सारखा केला आणि ती शांतपणे निघून गेली. बाकी कुणाच्या लक्षातही आलं नाही.

शेला घेऊन पाटील घरी आला तेव्हा आईनं त्याच्याकडं पाठ फिरवली. पुढं किती तरी दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. शेवटी एका सकाळी पाटलानं शेला काखेत घेतला आणि पेठेची वाट धरली. भट्टीपाशी राख होती, बाकी काही नव्हतं. शेजारचा रंगारी म्हणाला, "गेली की. डोक्यावर छप्पर नाही, पाऊस लाह्या भिजवायचा. लाकडाची वाट बघून बघून गेली."

पाटलानं गावोगाव शोध घेतला. खडकनेरच्या बाजारात, एका परक्या ओट्याच्या आडोशाला ती सापडली. नवी भट्टी मांडली होती. पाटलानं पागोटं काढलं, तिच्यापुढं शेला धरला. "सगुणाबाई, हा तुमचा आहे. माझं चुकलं. गावी चला, सगळ्यांदेखत सांगतो."

तिनं हातातला झारा थांबवला नाही.

"पाटील, इथं मला कुणी ओळखत नाही. हा पांघरून मी कुणापुढं जाऊ? माझ्या दारात द्यायचा होता. आता दार कुठं आहे?"

"दार बांधून देतो."

"माझे हात आता वासे चढवायचे राहिले नाहीत," ती म्हणाली. "आईसाहेब बऱ्या आहेत ना? मग झालं." तिनं मूठभर लाह्या पुडीत बांधून त्याच्या हातावर ठेवल्या आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळली.

पाटील शेला घेऊन तसाच परतला. चावडीवर गाव गोळा करून त्यानं सगळं सांगून टाकलं. मरेपर्यंत पुन्हा पागोटं बांधलं नाही, असं सांगतात. गावानं त्या दिवशी ठरवलं, की मान घ्यायला कुणाला चावडीवर बोलवायचं नाही. मान द्यायचा तो त्याच्या दुकानात, त्याच्या दारात, दुकान उभं आहे तोवर.

ती रीत चालू आहे. जत्रेच्या पहिल्या दिवशी गावचा कारभारी शेला घेऊन भट्टीपासून उघड्या डोक्यानं, अनवाणी निघतो. गेल्या साली शेला पंक्चर काढणाऱ्या शब्बीरभाईंच्या टपरीवर गेला, त्याआधी गिरणीवाल्या इंदूताईंकडं, त्याआधी टँकर येईना तेव्हा भांडून पाणी आणणाऱ्या दगडूअण्णांच्या ओसरीवर. कारभारी आधी विचारतो, "काही कमी आहे का?" उत्तर ऐकूनच शेला पांघरतो.

आणि आजही, त्याच दिवशी, गावची दोन माणसं दुसरा शेला घेऊन खडकनेरला जातात. भर बाजारात उभं राहून सगुणेच्या नावानं हाक मारतात. बाजारातली माणसं वळून बघतात, एकमेकांना विचारतात, कोण सगुणा? कुणालाच माहीत नसतं. थोडा वेळ थांबून ती दोघं शेल्याची घडी घालतात आणि परत येतात.