मिरचीची धुरी

“बाजूला सरकताय का न्हाई, बाबा?”

बिरा गडदे लांडगीच्या बिळासमोर उभा होता. एका हातात वाळक्या गवताची पेंढी, तीत मूठभर सुक्या मिरच्या कोंबलेल्या. दुसऱ्या हातात काडेपेटी.

बिळाच्या तोंडाशी गुणाजीबाबा मांडी घालून बसले होते. रानातला माग काढायची विद्या बिराला त्यांनीच दिली होती, आणि दिल्याचा पस्तावा आता त्यांच्या तोंडावर दिसत होता.

“न्हाई सरकत.”

“माझी सहा कोकरं नेली हिनं. सहा!”

“आत कोण हाय?”

“चार पिल्लं. मागचं तोंड म्या दगडांनी बुजवलंय. एकबी सुटायचं न्हाई.”

“आन् आई?”

बिरानं हनुवटीनं दाखवलं. ओढ्यापलीकडे, बोरीच्या जाळीत लांडगी उभी होती. माणसं बघून पळाली होती खरी, पण लांब गेली नव्हती.

बाबांनी नुसतं जाळीकडे बघितलं. बिराला वाटलं, म्हाताऱ्याला काही ठाऊकच नाही. मग त्याला चेव आला.

“नऊ दिस पालथा पडून बघितलंय, बाबा. सकाळपासनं दिस मावळंपत्तुर. नर सरळ कधी येत न्हाई. आधी टेकाडावर बसतो, वारं हुंगतो, मग वळसा घालून येतो. पिल्लं त्याचं तोंड चाटत्यात. मग त्यो पोटातलं मटण वकून त्यांच्याम्होरं टाकतो. तुमी तरी बघितलंय का येवढं?”

“दोघं एकदम गेली का कधी?”

“छ्या! एकजण गेलं तर दुसरं हितंच. नर आल्याबिगार मादी पिल्लांपासनं हलत न्हाई.”

“एकदाबी न्हाई?”

“एकदाबी न्हाई. पैज लावा.”

बाबांनी मान हलवली.

“पयलं कोकरू कवा गेलं?”

“धा दिसांमागं. त्याच रागानं तर हिचा माग काढला.”

“आन् बाकीची पाच?”

बिरा पेंढीतल्या मिरच्या चाचपू लागला.

“बाकीची पाच कवा गेली, बिरा?”

“...ह्याच नऊ दिसांत.”

माळावर वारा पडला होता. बिळातून पिल्लांचं बारीक कुंईकुंई ऐकू येत होतं.

“तुझा थोरला भाऊ मेंढरं घेऊन रानात जातो,” बाबा म्हणाले. आता त्यांचा आवाज चढला होता. “तळावर कोकरं कुणाच्या हवाली असत्यात?”

“माझ्या.”

“कुत्री कुठं व्हती?”

बिराची नजर पायाशी गेली.

“बांधली व्हती.”

“का?”

“माझ्या मागं येत्यात, बाबा. भुंकली असती तर लांडगी बुजली असती.”

ऐकणाऱ्यालाच लाज वाटावी असं उत्तर. लांडग्याला अडवणारी कुत्री खुंट्याला, राखणदार माळावर पालथा, आणि तळावरच्या जाळीच्या कुंपणातली कोकरं देवाच्या भरवशावर! लांडगी बुजू नये म्हणून या शहाण्यानं तिच्यासाठी ताटच मांडून ठेवलं होतं.

“आपलं ठेवायचं झाकून आन् दुसऱ्याचं बघायचं वाकून,” बाबा कडाडले. “ह्यासाठी शिकवलं का रं तुला?”

“पर कोकरं तर हिनंच खाल्ली ना?” बिराही ओरडला. डोळ्यांत पाणी आलं होतं, राग मात्र उतरला नव्हता. “तिला काय सोडून द्यू? लेकरावानी वाढवली म्या ती कोकरं. पिल्लांना कुणी वाली असतो का नसतो?”

बाबा उठले.

त्यांनी बिराच्या हातातून पेंढी घेतली. काडेपेटी घेतली. बिराला वाटलं, म्हातारा वळला एकदाचा. तो घाईनं मागे सरकला, बिळाचं तोंड मोकळं करून दिलं.

बाबांनी काडी ओढली. गवत भुरुभुरु पेटलं, मिरच्या तडतडल्या, आणि खकाणा उठला. बिराला ठसका लागला. ओढ्यापलीकडे लांडगी दोन पावलं पुढे आली.

बाबांनी बिळाकडे पाठ केली.

“बाबा... बीळ तिकडं हाय.”

बाबा थेट त्याच्यासमोर येऊन उभे राहिले. धुरानं त्यांचे स्वतःचेही डोळे लाल झाले होते.

“पिल्लं उघड्यावर टाकून जो गेला, त्याला धुरी द्यायची ना? ...तोंड म्होरं कर.”